वाणीचें स्वातंत्र्य आणि वाटेची मालकी

१७८० सालच्या जानेवारी महिन्याच्या २९ व्या तारखेस जेम्स ऑगस्टस हिकी नांवाच्या एका आयरिश गृहस्थानें कलकत्त्यास 'बेंगाल गॅझेट' हें साप्ताहिक सुरू केलें. हिंदुस्थानांत छापून निघालेलें पहिलें वर्तमानपत्र तें हेंच. हिकीची लेखणी तिखट होती. गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज, त्याची पत्नी व कंपनीचे बडे अधिकारी यांपैकीं कोणासही तिनें सोडलें नाहीं. वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १४ नोव्हेंबर रोजीं, सरकारी हुकूम निघाला कीं, हें पत्र यापुढें टपालांतून जाऊं द्यावयाचें नाहीं. या हुकुमाचें स्वरूप नीट पाहण्यासारखें आहे. हिकीनें लिहूं नये असें त्यांत म्हटलें नव्हतें. त्याच्या छापखान्यास कुलूपही लावलें नव्हतें. खिळे मोकळे होते, शाई मोकळी होती. बंद झाली ती फक्त वाट. हिकीनें शहरांत अंक पोंचविण्यासाठीं स्वतःचे हरकारे ठेविले आणि कांहीं काळ निभावून नेलें. पुढें अब्रूनुकसानीच्या खटल्यांत तो तुरुंगांत गेला, आणि १७८२ सालीं त्याचे खिळेच जप्त होऊन पत्र बंद पडलें. तात्पर्य, या देशांतील वृत्तपत्रावर सरकारचा पहिला घाव पडला तो वाणीवर नव्हे, वाणीच्या वाटेवर पडला.

वाणीच्या स्वातंत्र्याचा इतिहास सांगतांना आपण बहुधा लेखकांचे व संपादकांचे तुरुंगवास सांगतों. तें योग्यच आहे. ज्यांनीं शिक्षा भोगली त्यांचें स्मरण राहिलेंच पाहिजे. परंतु त्यामुळें अशी समजूत होऊन बसते कीं, बोलणारा आणि त्यास गप्प बसविणारी सत्ता एवढ्या दोघांचाच हा झगडा आहे. आपल्या शास्त्रकारांनीं वाणीचीं परा, पश्यंती, मध्यमा व वैखरी अशीं चार रूपें कल्पिलीं. वैखरी म्हणजे मुखावाटे बाहेर पडलेला शब्द. तो बाहेर पडल्यावर कोठें जातो, त्यास कोण नेतो, कोणाच्या कानीं घालतो व कोणाच्या घालीत नाहीं, या पांचव्या अवस्थेस त्यांनीं नांव दिलें नाहीं. कारण बोलणारा व ऐकणारा समोरासमोर असत, आणि अशा वेळीं वाटेचा प्रश्न उद्भवत नाहीं. आज मात्र सारा कलह या पांचव्या अवस्थेचाच आहे. फेसबुक, व्हॉट्सॲप, एक्स इत्यादि समाजमाध्यमांवर कोणास काय बोलूं द्यावें या वादांत पक्ष घेण्यापूर्वीं, वाणी व तिची वाट यांचा पूर्वींचा संबंध कसा होता आणि यंत्रानें तो कसा पालटला, हें या लेखांत आम्ही पाहणार आहों.

लेखनाविषयींची पहिली मोठी शंका दोन हजार तीनशें वर्षांहूनही जुनी आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो यानें 'फीड्रस' नामक संवादांत सॉक्रेटिसाच्या तोंडीं मिसर देशांतील एक कथा घातली आहे. थ्यूथ नांवाचा देव लेखनकला शोधून काढतो व ती थामस राजापुढें ठेवून तिची तारीफ करितो. राजा म्हणतो, या कलेनें माणसांची स्मृति वाढणार नाहीं, उलट क्षीण होईल. ही कथा पुष्कळांस ठाऊक असते. तिच्यापुढील विवेचन तितकें ठाऊक नसतें. सॉक्रेटिसाची खरी तक्रार अशी कीं, लिहिलेला शब्द एकदां सुटला म्हणजे जाणत्या-नेणत्या सर्वांच्या हातीं सारखाच भटकतो. कोणाशीं बोलावें व कोणाशीं बोलूं नये हें त्यास कळत नाहीं. कोणी विपर्यास केला तर त्यास स्वतःचा बचाव करतां येत नाहीं, आणि दर वेळीं जन्मदात्या बापानें मदतीस धांवून यावें लागतें. शब्द पोरका होणें हा लेखनाचा मूळ स्वभावच आहे. छापखान्यानें एका पोरक्या शब्दाचे हजार केले. तेव्हांपासून कायद्यानें जें जें केलें, तें पोरक्या शब्दास बाप शोधून देण्यासाठीं केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आपल्या देशांतील कायद्यांचा क्रम पाहिला म्हणजे हें स्पष्ट होतें. १७९९ सालीं लॉर्ड वेलस्लीनें नियम केले, त्यांत मुद्रकानें आपलें नांव अंकाच्या तळाशीं छापावें, संपादकानें व मालकानें आपलें नांव व राहण्याचें ठिकाण सरकारी चिटणीसास कळवावें, आणि प्रत्येक अंक प्रसिद्धीपूर्वीं त्यास दाखवावा, असें फर्माविलें होतें. न ऐकणाऱ्यास विलायतेच्या जहाजावर बसवून देण्याची शिक्षा. अगोदर दाखविण्याचें बंधन १८१८ सालीं गेलें, पण १८२३ सालीं जॉन ॲडम यानें परवान्याची पद्धति आणली. तिच्याविरुद्ध राजा राममोहन रॉय यांनीं कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाकडे अर्ज केला. तो फेटाळला गेला. आणि राममोहनांनीं परवाना मागण्यापेक्षां आपलें 'मिरात-उल-अखबार' हें फारसी पत्र बंद करणें पत्करलें. पुढें १८३५ सालीं सर चार्ल्स मेटकाफ यानें परवाना काढून टाकला, आणि त्याच्या जागीं मुद्रकाचें व प्रकाशकाचें केवळ एक प्रतिज्ञापत्र ठेविलें: आम्ही अमुक, अमुक ठिकाणीं छापतों. १८६७ च्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचें नांव व छापण्याचें ठिकाण घालणें सक्तीचें केलें. तो कायदा दीडशेंहून अधिक वर्षें चालला. २०२३ सालीं झालेल्या नव्या कायद्यानें २०२४ च्या मार्चपासून त्याची जागा घेतली. अमक्यांनीं अमक्या छापखान्यांत छापून अमक्या ठिकाणीं प्रसिद्ध केलें, अशी बारीक टाइपांतील ओळ प्रत्येक नियतकालिकांत कोठें तरी असते. ती क्वचितच कोणी वाचीत असेल. पण बोला, मात्र बोलल्याचा जबाब द्यावयास घरीं सांपडा, हा शंभर वर्षांच्या झगड्यानंतर झालेला करार त्या ओळींत आहे.

हा करार नुसता कागदावरचा नव्हता. १८८१ सालच्या जानेवारींत 'केसरी' निघाला, आणि दीड वर्षांतच त्याच्या चालकांवर प्रसंग आला. कोल्हापूरचे छत्रपति चवथे शिवाजीमहाराज यांचा कारभाऱ्यांकडून छळ होत आहे असा आरोप 'केसरी' व 'मराठा' या दोन्ही पत्रांनीं केला. कारभारी बर्वे यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद लाविली. ज्या पत्रांच्या आधारावर हा आरोप केला होता तीं बनावट आहेत असें कोर्टांत निष्पन्न झालें. टिळक व आगरकर यांनीं माफी मागितली. तरी १८८२ च्या जुलैंत त्यांस चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि सूट मिळून त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. या प्रसंगाचें स्मरण लोक देशभक्तीच्या दृष्टीनें करितात. आम्ही येथें निराळ्या दृष्टीनें करीत आहों. तीं पत्रें टिळकांनीं रचलीं नव्हतीं, आगरकरांनींही रचलीं नव्हतीं. तीं त्यांस खरीं वाटलीं व त्यांतील मजकूर त्यांनीं लोकांपर्यंत पोंचविला, एवढाच त्यांचा अपराध. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर एक मजकूर त्यांनीं 'फॉरवर्ड' केला होता. परंतु ज्यानें निवडलें व ज्याच्या हातून खोटें पुढें गेलें त्यानें जबाब दिला पाहिजे, हा त्या निकालाचा अर्थ. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत टिळकांबरोबर 'केसरी'च्या मुद्रकासही आरोपी केलें होतें. ज्यूरीनें मुद्रकास निर्दोषी ठरविलें व टिळकांस अठरा महिन्यांची सजा झाली. पण न्यायासनापुढें उभें राहणें मुद्रकासही चुकलें नाहीं.

टपालाचा न्याय मात्र पहिल्यापासून निराळा. १८५४ सालीं लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दींत टपालखात्याची नवी घडी बसली, आणि अर्ध्या आण्याच्या तिकिटावर हलकें पत्र देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाऊं लागलें. आंत आशीर्वाद असोत, शिव्याशाप असोत कीं कट असो, टपालवाल्यास त्याचें सोयरसुतक नसे. तो पाकीट फोडीत नसे, म्हणून आंतील मजकुराबद्दल त्यास कोणी जाब विचारीत नसे. १८९८ च्या टपाल कायद्यानें तर, पत्र गहाळ झालें किंवा उशिरां पोंचलें तरी सरकार जबाबदार नाहीं, असें लिहूनच ठेविलें. सरकार प्रसंगीं पत्रें फोडीत असे हें खरें. पण तो आडमार्ग समजला जाई. एवंच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाणीच्या वाटा दोन होत्या व त्यांचे न्यायही दोन होते. छापखाना वाचीत असे, निवडीत असे, म्हणून तो उत्तरदायी असे. टपाल वाचीत नसे, निवडीत नसे, म्हणून तें उत्तरदायी नसे. हा भेद कायदेपंडितांनीं कल्पनेनें काढलेला नव्हता. तो त्या त्या साधनाच्या घडणींतूनच आलेला होता. ज्याच्या हातीं निवड त्याच्या माथीं जबाबदारी, हें साधें तत्त्व दोहोंच्याही मुळाशीं होतें.

सरकारनें वाटेवरचा आपला हात मात्र कधींच पुरता काढून घेतला नाहीं. १८७८ सालीं लॉर्ड लिटन याच्या कायद्यानें देशी भाषांतील पत्रांकडून जातमुचलका व अनामत घेण्याचा आणि छापखाना जप्त करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटांस दिला. इंग्रजी पत्रें त्यांतून वगळलीं होतीं, म्हणून कलकत्त्याची 'अमृत बझार पत्रिका' बंगाली सोडून निव्वळ इंग्रजी झाली. लॉर्ड रिपन याच्या काळीं हा कायदा रद्द झाला. परंतु १९१० सालीं अनामतीची तीच युक्ति सर्वच छापखान्यांस लागू करण्यांत आली.

स्वराज्य आल्यावर वाटेचा प्रश्न लवकरच न्यायालयापुढें आला. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या इंग्रजी साप्ताहिकास मद्रास सरकारनें आपल्या हद्दींत येण्यास व खपण्यास बंदी केली होती. राज्यघटना अमलांत येऊन चार महिने होतात न होतात तोंच, २६ मे १९५० रोजीं, सुप्रीम कोर्टानें निकाल दिला कीं, प्रसाराचें स्वातंत्र्य हें वाणीच्या स्वातंत्र्याचेंच अंग आहे. प्रसारावांचून प्रकाशनास कांहीं मोल नाहीं. हिकीच्या हरकाऱ्यांस एकशें सत्तर वर्षांनीं मिळालेला हा न्यायच म्हणावयाचा. पुढें दहा वर्षांनीं दुसरा प्रश्न निघाला, तो अधिक सूक्ष्म होता. दैनिकानें किती पानें द्यावींत व त्यांस किंमत किती घ्यावी याचें प्रमाण केंद्र सरकारनें १९५६ च्या कायद्यान्वयें व १९६० च्या हुकुमान्वयें ठरवून दिलें. धनाढ्य पत्रांनीं पानें वाढवून लहान पत्रांस बुडवूं नये हा त्यांतील हेतु, आणि तो वाईट नव्हता. पण पानें राखावयाचीं तर किंमत चढवावी लागे, आणि किंमत चढली कीं खप उतरे. पुण्याच्या 'सकाळ' पत्रानें त्यास आव्हान दिलें, आणि १९६१ सालीं सुप्रीम कोर्टानें तें बंधन रद्द केलें. काय बोलावें एवढेंच नव्हे, तर तें किती लोकांपर्यंत न्यावें हेंही या स्वातंत्र्यांत येतें, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. आमच्या मतें हे दोन निकाल भारतीय वाणीस्वातंत्र्याच्या इतिहासांत कोणत्याही राजद्रोहाच्या खटल्याइतकेच महत्त्वाचे आहेत. कारण पांचव्या अवस्थेस त्यांनीं पहिल्यानें कायद्यांत स्थान दिलें.

परंतु या दोन्ही निकालांत एक गोष्ट गृहीत होती. वाट अडवील तर सरकारच अडवील. बाकी वाट ती वाटच, तिला स्वतःची इच्छा नाहीं. हें गृहीत खोटें ठरविणारें यंत्र विसाव्या शतकाच्या अखेरीस आलें. अमेरिकेंत १९९६ सालीं झालेल्या कायद्याच्या २३० व्या कलमानें असें ठरविलें कीं, संगणकांच्या जाळ्यावर दुसऱ्यानें लावलेल्या मजकुराबद्दल जागा पुरविणाऱ्या कंपनीस प्रकाशक समजूं नये. आपल्याकडेही २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमांत, व २००८ सालीं त्यांत झालेल्या दुरुस्तींत, मध्यस्थास अशीच सूट मिळाली. त्या वेळीं हें न्याय्यच दिसलें. मालकानें फळा टांगावा, कोणीही त्यावर लिहावें, ज्यास गरज त्यानें जाऊन वाचावें, असा तो व्यवहार होता. फळ्याच्या मालकास टपालवाल्याच्या पंक्तीस बसविण्यांत गैर कांहीं नव्हतें.

यंत्र मात्र फळा राहिलें नाहीं. २००६ च्या सप्टेंबरांत फेसबुकनें परिचितांच्या हालचालींचा एक प्रवाह प्रत्येकाच्या पुढ्यांत आपोआप आणून ठेवण्यास सुरुवात केली. २००९ च्या फेब्रुवारींत पसंतीचें बटण आलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ट्विटरनें दुसऱ्याचा मजकूर एका दाबानें पुढें धाडण्याची सोय केली. २०१६ सालीं ट्विटरनेंही निव्वळ कालक्रम सोडला. आतां कोणाचा मजकूर वर, कोणाचा खालीं, आणि कोणाचा दिसूंच द्यावयाचा नाहीं, हें यंत्र ठरवितें. आणि तें ठरविण्यासाठीं आपण काय वाचतों, कोठें थांबतों, कशानें चिडतों याची नोंद ठेवितें. ज्यास टपाल समजून माफी दिली तें पाकिटें फोडून वाचूं लागलें, त्यांचा क्रम लावूं लागलें, म्हणजे संपादकाचें सर्व काम करूं लागलें. माफी मात्र टपालाचीच राहिली. निवडण्याची एवढी मोठी सत्ता आणि उत्तर देण्याची एवढी थोडी जबाबदारी यांचा संयोग वाणीच्या इतिहासांत पूर्वीं कधीं झाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

साधन हें मुकें असतें, चांगलें-वाईट तें वापरणाराच्या हातीं, असें आपण सहज म्हणतों. यंत्रविद्येचा विचार करणाऱ्या तत्त्वचिंतकांनीं या समजुतीवरच बोट ठेविलें आहे. लँग्डन विनर या अमेरिकन पंडितानें १९८० सालीं एका निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, वस्तूंच्या घडणींतच राजकारण असूं शकतें. त्यानें न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरच्या कमी उंचीच्या पुलांचें उदाहरण दिलें: त्यांखालून मोटारी जात, उंच बसगाड्या जात नसत, आणि म्हणून बसनें हिंडणाऱ्या गरिबांची वाट कोणताही कायदा न करितां अडली. त्या विशिष्ट उदाहरणाविषयीं पुढें विद्वानांत वाद झाला. मूळ सिद्धांत मात्र त्यानें ढळत नाहीं. जर्मन तत्त्ववेत्ता हायडेगर याचें म्हणणें याहून खोल होतें. आधुनिक यंत्रविद्या म्हणजे अवजारांचा ढीग नव्हे, ती जगाकडे पाहण्याची एक रीत आहे. त्या रीतीला नदी ही नदी दिसत नाहीं, विजेचा सांठा दिसते. हीच दृष्टि वाणीवर वळली म्हणजे काय होतें तें आपण पाहत आहों. यंत्राला वाक्य हें विधान दिसत नाहीं, तर जाहिरातदारास विकावयाच्या लक्षाचा सांठा दिसतें. तें खरें आहे काय, हा प्रश्न त्यास पडतच नाहीं. त्यानें किती डोळे किती वेळ थांबले, एवढेंच तें मोजतें.

हें केवळ तर्कानें म्हणतों असें नव्हे. फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांचा बोभाटा २०२१ सालीं झाला, तेव्हां असें उघड झालें कीं, २०१७ पासून कांहीं काळ कंपनीचें यंत्र हास्य, आश्चर्य, संताप इत्यादि भाव दर्शविणाऱ्या चिन्हांस साध्या पसंतीच्या पांच पट वजन देत होतें. जें संताप उपजवी तें अर्थातच दूर जाई. पुढें हें वजन उतरवीत उतरवीत २०२० सालीं संतापाचें वजन शून्यावर आणण्यांत आलें. म्हणजे कोट्यवधि माणसांच्या सार्वजनिक संभाषणांत क्रोधास किती मान द्यावा, हें आधीं एका आंकड्यानें व मग दुसऱ्या आंकड्यानें ठरलें. तें कोणत्या विधिमंडळांत ठरलें? कोणत्या कोर्टांत त्याचा ऊहापोह झाला? कोठेंच नाहीं. मिल्टननें १६४४ सालीं व मिल्लनें १८५९ सालीं वाणीस्वातंत्र्याचा जो कैवार घेतला त्याचा पाया असा होता कीं, सत्य व असत्य यांस मोकळ्या मैदानांत झुंजूं द्यावें, सत्याची बाजू अखेर सावरेल. मैदान सपाट आहे हें दोघांनींही धरून चालविलें होतें. तें कोणी तरी एका बाजूस उतरतें करून ठेवील, आणि तो उतार दर आठवड्यास पालटीत राहील, ही कल्पना त्यांस शिवली नव्हती.

याचे परिणाम आपल्या महाराष्ट्रानेंही पाहिले आहेत. १७ नोव्हेंबर २०१२ रोजीं बाळासाहेब ठाकरे यांचें निधन झालें व मुंबईचे व्यवहार बंद राहिले. त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत असलेल्या पालघर गांवच्या एका तरुणीनें या बंदविषयीं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, आणि तिच्या मैत्रिणीनें त्यांवर पसंतीची खूण केली. जमावानें पहिलीच्या नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड केली, आणि पोलिसांनीं दोघींसही अटक केली. देशभर गवगवा झाल्यावर तें प्रकरण पुढें चाललें नाहीं; पण त्यांतूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमास आव्हान मिळालें, आणि २४ मार्च २०१५ रोजीं श्रेया सिंघल खटल्यांत सुप्रीम कोर्टानें तें कलम अतिशय मोघम म्हणून घटनाबाह्य ठरविलें. हा निकाल स्वागतार्हच होता. तथापि एक गोष्ट त्या गडबडींत नजरेआड झाली. दुसरी मुलगी कांहीं बोललीच नव्हती. तिनें खूण केली होती. पोलिसांनीं त्या खुणेस भाषण मानलें. यंत्राच्या लेखीं अशी खूण म्हणजे मजकूर आणखी किती जणांपुढें मांडावा हें ठरविण्याचें माप असतें. बोटाच्या एका स्पर्शाचे हे दोन अर्थ. पहिल्याबद्दल कायद्यानें मुलीस धरलें, दुसऱ्याबद्दल कोणासच कांहीं विचारलें नाहीं.

याहून भयंकर प्रसंग १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें घडला. आठवड्याच्या बाजारासाठीं जमलेल्या लोकांनीं पांच जणांस ठेंचून ठार मारिलें. मारले गेले ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे भटके लोक होते. त्यांतील बहुतेक मंगळवेढें तालुक्यांतील. मुलें पळविणारी टोळी हिंडत आहे अशी अफवा व्हॉट्सॲपवरून त्या भागांत पसरली होती. येथें 'केसरी'चा न्याय लावावयाचा कोणास? मजकुराखालीं नांव नाहीं, मुद्रक नाहीं, तळाची बारीक ओळ नाहीं. प्लेटोनें वर्णिलेला पोरका शब्द तो हाच. फरक इतकाच कीं, पूर्वीं तो भटकत असे, आतां तो झुंडीस वाट दाखवीत पुढें चालला. व्हॉट्सॲपवरील मजकूर २०१६ पासून कुलूपबंद असतो, कंपनीलाही तो वाचतां येत नाहीं. त्या अर्थानें तें खरोखरीच टपाल आहे. पण अर्ध्या आण्याचें पत्र एकाच घरीं जाई, आणि दुसऱ्या घरीं धाडावयाचें तर पुन्हां लिहावें लागे. त्या श्रमांत विचारास थोडी सवड मिळे. नव्या टपालानें तो श्रमच नाहींसा केला.

त्या महिन्यांत देशांत अशा आणखी हत्या झाल्या, आणि जुलै संपण्यापूर्वीं कंपनीनें जाहीर केलें कीं, हिंदुस्थानांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं मजकूर पुढें धाडतां येणार नाहीं. २०१९ च्या जानेवारींत हीच मर्यादा जगभर लागू झाली. २०२० च्या एप्रिलांत, पुष्कळदां फिरलेला मजकूर एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां यावा असें ठरलें, आणि त्यानंतर अशा मजकुराचा फैलाव सत्तर टक्क्यांनीं घटला असें कंपनीनें सांगितलें. या उपायानें कोणाचेंही तोंड बंद झालें नाहीं. वाट तेवढी अरुंद झाली. उपाय चांगलाच होता असें आम्ही मानतों. परंतु सरकारनें पानांची संख्या ठरविली तर 'सकाळ'ला सुप्रीम कोर्टांत दाद मागतां येत होती; येथें कोट्यवधि लोकांच्या संभाषणाची रुंदी कॅलिफोर्नियांतील एका कंपनीनें ठरविली, आणि ती चुकली असती तर दाद मागावयास दार नव्हतें.

येथें एक शंका निघण्यासारखी आहे. कोणी म्हणेल, पूर्वींचा संपादक तरी कोठें निःपक्षपाती होता? शेतकरी, मजूर, दलित, स्त्रिया यांचा मजकूर त्यानें किती छापला? आज खेड्यांतील मुलगीही आपलें म्हणणें जगापुढें मांडूं शकते. हें यंत्राचेंच देणें नव्हे काय? हें म्हणणें खरें आहे, आणि तें विसरून जे जुन्या काळाचे गोडवे गातात त्यांच्या पंक्तीस आम्हांस बसावयाचें नाहीं. पण संपादकाचा पक्षपात उघड असे. एका पत्राचा अंक सर्व वाचकांच्या हातीं एकच पडे. त्यांत काय आलें व काय गाळलें हें शेजाऱ्याशीं ताडून पाहतां येई, आणि न पटलें तर दुसरें पत्र काढतां येई. यंत्राचा अंक प्रत्येकास निराळा मिळतो. एकाच घरांत बाप व मुलगी एकाच वेळीं निरनिराळें जग वाचीत बसतात, आणि आपणांपुढें काय आलें नाहीं हें दोघांसही कळत नाहीं. जो पक्षपात दिसत नाहीं त्याच्याशीं भांडतां येत नाहीं.

दुसरी शंका याहून अवघड आहे. यंत्राच्या मालकास जबाबदार धरलें तर तो भीतीनें सर्वच तिखट मजकूर दडवील. आणि वाटेचा ताबा सरकारनें घेतला तर हिकीचा काळ परत येईल. ही भीति पोकळ नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत जम्मू-काश्मीरमध्यें सगळें जाळेंच बंद करण्यांत आलें. अनुराधा भसीन खटल्यांत २०२० च्या जानेवारींत सुप्रीम कोर्टास सांगावें लागलें कीं, या जाळ्यावरील वाणीसही घटनेचें संरक्षण आहे, अनिश्चित मुदतीची बंदी चालणार नाहीं आणि असे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत. २०२३ सालीं केंद्र सरकारनें आपल्या कारभाराविषयींचा मजकूर खरा कीं खोटा हें ठरविणारा कक्ष स्वतःच नेमण्याचा नियम केला. मुंबई हायकोर्टानें २०२४ च्या सप्टेंबरांत तो घटनाबाह्य ठरविला. उलटपक्षीं, २०२१ च्या जानेवारींत ट्विटरनें अमेरिकेच्या अधिकारारूढ राष्ट्राध्यक्षाचें खातें बंद केलें, आणि पुढच्याच वर्षीं ती कंपनी एका धनिकानें विकत घेतांच तिचे नियम पालटले. जिची सत्ता राष्ट्राध्यक्षास गप्प करूं शकते ती वाट बाजारांत विकली जाते, याचा अर्थ काय तो वाचकांनींच ठरवावा. वाट राजाच्या हातीं असली तर तो शत्रूंस अडवितो. सावकाराच्या हातीं असली तर तो जकात पाहतो. दोघांपैकीं एकासही ती सर्वस्वीं सोंपवून देणें धोक्याचें आहे.

मग मार्ग कोणता? मेटकाफच्या कराराचाच, असें आम्हांस वाटतें, पण वाटेस लावलेला. त्यानें मजकूर तपासण्याचें सोडून दिलें आणि नांव मात्र मागितलें. तसेंच यंत्राकडून प्रत्येक वाक्याचा हिशेब मागूं नये. निवडीचा हिशेब मागावा. कशास किती वजन देतां, कोणता मजकूर कोणत्या कारणानें खालीं ढकलतां, कोणाच्या हुकुमानें काढतां, हें उघड सांगितलें पाहिजे; ज्याचा मजकूर काढला त्यास कारण कळून दाद मागतां आली पाहिजे; आणि ज्यास यंत्राची निवड नको त्यास तीवांचून वाचण्याची मोकळीक पाहिजे. युरोपीय संघानें २०२२ सालीं केलेल्या व २०२४ च्या फेब्रुवारीपासून पूर्णपणें लागू झालेल्या कायद्यांत यांपैकीं बऱ्याच गोष्टी घातल्या आहेत. तो कितपत फळास येतो हें काळ ठरवील. पण प्रश्न त्यानें योग्य ठिकाणीं विचारला आहे.

कायद्याच्या बाहेरचीही एक गोष्ट उरते. हिकीचे हरकारे पगारी नोकर होते; अंकांत काय आहे याची चौकशी करणें त्यांचें काम नव्हतें. आज आपण प्रत्येक जण हरकारा आहों, आणि आपल्या हातांतील पाकीट उघडें आहे. सुशिक्षित घरांतूनच किती खोटा मजकूर सुविचारांच्या सोबतीनें रोज सकाळीं पुढें जातो हें सर्वांस ठाऊक आहे. टिळक-आगरकरांनीं १०१ दिवस भोगले ते दुसऱ्याचा मजकूर खरा मानून पुढें नेल्याबद्दल. आपणांस डोंगरी नाहीं. म्हणून आपली जबाबदारीही नाहीं, असें मात्र नव्हे. वाटेचे मालक कोण असावेत याचा निकाल लागेल तेव्हां लागो. ज्या मजकुराखालीं आपलें नांव घालण्यास आपण तयार नाहीं तो पुढें न्यावयाचा नाहीं, एवढें प्रत्येकास आजच ठरवितां येईल.